हजेरीचा दगड

बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा, झाकणाच्या कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी, आत शंभर पानी वही, दोन शिसपेन्सिली आणि मंडळाचा रबरी शिक्का. १९८६ च्या दसऱ्यानंतर सरस्वती केणीने हा सगळा सरंजाम प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठाण्याजवळ बाळकुमच्या खाडीवर नेऊन ठेवला, तेव्हा तिला काळजी एकच होती. दमट हवेत वहीचं काय होणार.

डोंबिवलीच्या 'वाटाड्या' या हौशी भटक्यांच्या मंडळाचा हा नवा खेळ होता. मंडळाचे अध्यक्ष श्रीपादराव निवृत्त ड्राफ्ट्समन. त्यांच्या विलायतेतल्या भाच्याने पत्रात लिहिलं होतं की तिकडे लोक माळरानावर डबे लपवून ठेवतात, हौशी मंडळी ते शोधून काढतात, आतल्या वहीत नाव लिहितात आणि डबा होता तिथे ठेवून परत येतात. श्रीपादरावांना ते इतकं आवडलं की दोन महिन्यांत मंडळाचे नऊ डबे तयार झाले. मुंब्र्याचा डोंगर, शीळफाट्याजवळची टेकडी, मलंगगडाची वाट, अशा जागा ठरल्या. खाणाखुणा मंडळाच्या पत्रकात छापायच्या आणि प्रत्येक डब्याला एक माणूस नेमायचा. त्याने महिन्यातून एकदा जाऊन वही उन्हात धरायची, पेन्सिलींना टोक करायचं, झाकणाचं रबर तपासायचं. या माणसाला श्रीपादरावांनी गमतीने नाव दिलं होतं, राखणदार.

बाळकुम सरस्वतीने मागून घेतलं. ती त्रेचाळीस वर्षांची, लग्न न केलेली, एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत तपासनीस. स्वतः मोजून बघितल्याशिवाय तिचा कशावर विश्वास बसत नसे. केणी मूळचे बाळकुमचेच, आगरी, पिढ्यानपिढ्या मिठागरात राबलेले. तिच्या वडिलांनी मात्र तरुणपणीच गाव सोडलं आणि मरेपर्यंत तिथे पाऊल ठेवलं नाही. कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कोणी नसे. आजा मोरू केणी बायको आणि दोन वर्षांचं पोर टाकून पळून गेला होता. गावाने त्या पोराला मिसरूड फुटेपर्यंत 'पळपुट्याचा' म्हणूनच हाक मारली. सरस्वतीला गाव बघायचं होतं ते म्हणूनच. लाजून लांब राहायला ती काही गुन्हेगार नव्हती.

गावामागे, खाडीला लागून एक मिठागर पंधरा वर्षं बंद पडलं होतं. मीठ पिकवायच्या चौकोनी कोंड्या कोरड्या पडून भेगाळलेल्या, कडांना पांढरी खपली. पलीकडे तिवरांची रांग, आणि खाडीचं पाणी अडवायला घातलेला लांबलचक मातीचा बांध. बांधाच्या मध्यावर एक काळा दगड होता, मेजाएवढा उंच, वरून हात फिरून फिरून व्हावा तसा गुळगुळीत. जुन्या काळी सकाळी मुकादम त्या दगडावर हजेरीची वही उघडायचा आणि कामगारांची नावं घ्यायचा. त्याला हजेरीचा दगड म्हणत. दगडाच्या पोटात खाडीच्या बाजूने एक कपार होती. डबा तिच्यात चपखल बसला.

परतताना ती वडिलांच्या चुलतभावाकडे चहाला थांबली. भिवाजी केणी, भिवाकाका, पंचाहत्तरीच्या पुढचे, ओटीवर जाळं विणत बसलेले.

"तिथं वही ठेवलीस?" त्यांनी बशी खाली ठेवली. "कसली वही?"

"नावांची. येणारे नाव लिहून जातात."

"दुसरी जागा नाय गावली, बाय?"

"का?"

"त्या बांधावर आमच्यात कोन नाव सांगत नाय. हाक आली तर ओ नाय देवाची. येवढाच हाय. काढ तो डबा तिथशी."

सरस्वती हसली नाही, पण डबाही काढला नाही.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी ती गेली तेव्हा वहीत अकरा नावं होती. बरीच मंडळातल्यांची, दोन ठाण्यातल्या कॉलेजच्या मुलींची. वही कोरडी होती. प्रत्येक नावाच्या मागे, बरोबर एकाच अंतरावर, एक बारीक ठिपका होता. एखादा कारकून यादी तपासताना लेखणी टेकवत जातो, तसा. डब्यात फक्त पेन्सिली होत्या आणि ठिपके शाईचे होते, कथ्थई रंगाचे. कोणीतरी पेन आणलं असेल, असं म्हणून तिने टोकं करून डबा ठेवून दिला. डिसेंबरमध्ये नावं तेवीस झाली आणि ठिपकेही तेवीस. बारावं नाव तिनेच मागच्या खेपेला निघताना, तेव्हाच्या सगळ्यांच्या खाली, लिहिलं होतं. त्याच्याही मागे ठिपका होता.

तिने एका ठिपक्यासकट त्या पानाचा कोपरा कापून कारखान्यात नेला. शाई जुन्या पद्धतीची होती, हिराकस घालून केलेली. तसली शाई तिने शिकत असताना पुस्तकात वाचली होती, बाजारात कधी पाहिली नव्हती.

चेष्टा कोणाची, हे शोधायचा मार्ग तिच्या हातात होता. तिने श्रीपादरावांना सांगून महिनाभर या डब्याच्या खाणाखुणा थांबवल्या. मग तारेने डबा बांधला आणि कारखान्यात नमुन्यांच्या बाटल्यांना लावतात तसं आकडा कोरलेलं शिशाचं सील तारेवर दाबलं.

जानेवारीत ती पोचली तेव्हा टळटळीत दुपार होती. ओहोटी लागलेली, खाडीचा चिखल उघडा पडलेला, त्यावर बगळे. सील शाबूत होतं. आकडा तोच. तिने तार कापली.

तेवीस नावांच्या खाली सात नवे आकडे घातलेले होते, चोवीस ते तीस. आकड्यांपुढे नावाची जागा कोरी. आणि ओळीच्या शेवटी, सातही ठिकाणी, सरावलेल्या तिरप्या अक्षरात एकच अक्षर. गै.

गैरहजर.

सरस्वती उन्हात उभी राहून ते पान दोनदा, तीनदा मोजत राहिली. भीती वाटली, हे तिने नंतर कबूल केलं. पण भीतीच्या आधी तिला राग आला होता. आपल्या वहीत, आपल्या सीलच्या आत, कोणीतरी न विचारता लिहून गेलं होतं.

ती तडक भिवाकाकांच्या ओटीवर गेली. "बांधावर काय झालं होतं?"

"सात लिवलेत ना?" ते म्हणाले. तिने आकडा सांगितला नव्हता.

मग त्यांनी सांगितलं. एकोणीसशे अठरा, तापाच्या साथीचं साल, भादव्यातलं उधाण. सकाळी हजेरी झाली, चौदा माणसं कामावर. दुपारी बांधाला खांड पडली आणि पाणी आत घुसायला लागलं. मुकादमाने सात जणांना खांडीत उतरवलं, फळ्यांना पाठ लावून उभं राहायला, आणि सात जणांना वरून चिखल टाकायला लावलं. खांड बुजली तेव्हा खालचे सात कुठे नव्हते. संध्याकाळी मुकादमाने दगडावर वही उघडली आणि सात नावांपुढे गैरहजर लिहिलं. जो कामावर आलाच नाही, तो कामावर मरेल कसा? बायका कचेरीत रडत गेल्या तेव्हा त्यांना ती वही दाखवली.

"माझा बा वर होता, चिखल टाकाला. मरताना त्यानं मना सांगितला," भिवाकाका म्हणाले. "तुझा आजा मोरू खाली होता, बाय. पलाला नाय तो."

"बाबांना का नाही सांगितलंत? ते साठ वर्षं पळपुट्याचा पोर म्हणून जगले."

"वहीत लिवलेला होता. मुकादम बोलला होता, जो तोंड उघडेल त्याच्याबी नावापुढं लिवन." त्यांनी जाळ्याची सुई खाली ठेवली. "तो मुकादम मेला, मिठागर बंद परला. पन ती भीती काय गेली नाय आमची."

तिने डबा तिथेच ठेवला. आता तर काढायचा प्रश्नच नव्हता.

मंडळात ही हकिकत सगळ्यात जास्त रंगवून कोणी सांगितली असेल तर हरिहरने. हरिहर छापखान्यात कामाला, अडतीस वर्षांचा, आवाज असा की तो जिना चढतोय हे तिसऱ्या मजल्यावर कळावं. सहलीत गाणी त्याची, भांडणं त्याची, मिटवणारही तोच. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी तो श्रीपादरावांना घेऊन बाळकुमला गेला, भूत बघायला. नाव लिहून आला. परत आल्यावर श्रीपादराव सरस्वतीला जरा चाचरत म्हणाले, "वही उघडून हा लिहीत होता. लिहिता लिहिता, मान वर न करता, 'हजर' म्हणाला. मी विचारलं, कोणाला रे? तर म्हणतो, तुम्हीच ना हाक मारलीत?"

"तुम्ही मारली होतीत?"

"मी लांब होतो. तिवरांपाशी. चप्पल धूत होतो."

फेब्रुवारीत वहीत हरिहरच्या नावापुढे ठिपका नव्हता. गै होतं. ती वही घेऊनच परतली.

मार्चच्या पहिल्या रविवारी सकाळी श्रीपादरावांच्या गॅलरीत मंडळाची बैठक भरली. त्यांच्या पत्नी कमळाबाई चहा घेऊन आल्या. ट्रेमध्ये आठ कप होते. सरस्वतीने सवयीने माणसं मोजली. आठ. पण बैठक नऊ जणांची असते, असं तिला वाटत राहिलं. तिने पुन्हा मोजलं, बोट लावून. आठ. तिसऱ्यांदा मोजताना कोपऱ्यातून कोणीतरी हळूच म्हणालं, "बाई, मी आहे इथे."

हरिहर बसला होता. मघापासून तिथेच बसला होता. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं, ओशाळले, कमळाबाई नववा कप आणायला आत पळाल्या.

"असू द्या, सवय झालीय," तो म्हणाला. त्याचा आवाज कोणी कापसात गुंडाळावा तसा झाला होता. "घरी ताट मांडायला विसरतात. सांगितलं की वाईट वाटून घेतात, वाढतात. दुसऱ्या दिवशी परत तेच. छापखान्यात माझ्या मशीनवर दुसरा माणूस बसवलाय. मालक म्हणाला, अरे, मला वाटलं जागा रिकामी आहे." तो थांबला. "परवा मुलीने शाळेतून येऊन दप्तर खुर्चीवर ठेवलं. मी खुर्चीत बसलो होतो."

कमळाबाई बाहेर आल्या नाहीत, तेव्हा सरस्वती आत गेली. त्या ओट्यापाशी रिकामा कप हातात धरून उभ्या होत्या. "मी कशाला आले होते गं?" त्यांनी विचारलं.

श्रीपादरावांनी वही जाळायची असं ठरवलं. डबा बंद, पत्रकातून नाव काढून टाकायचं, विषय संपला.

"वही जाळायची नाही," सरस्वती म्हणाली.

"सरस्वतीबाई, हट्टाची वेळ नाही ही."

"जाळलीत तर याच्या नावापुढे जे लिहिलंय ते कायमचं राहील. खोडणार कशातून? त्या बायकांनाही वहीच दाखवली होती. लिहिलेलं खरं मानून सगळे गप्प बसले, म्हणून तो मुकादम अजून लिहितोय." तिने वही पिशवीत टाकली. "डब्याची राखणदार मी आहे. कोण हजर आणि कोण नाही, ते मी लिहिणार."

त्या आठवड्यात तिने रजा घेतली आणि बाळकुम, कोलशेतमध्ये घरोघर हिंडली. सात नावं हवी होती. भिवाकाकांनी चार सांगितली, दार लावून घेऊन, कुजबुजत. मोरू, परशुराम, गोविंदा, शिवराम. कोळीवाड्यातली मनुबाई नव्वदीची, डोळ्यांनी अधू. ती आधी नुसतीच मान हलवत राहिली. सरस्वती उठायला लागली तेव्हा म्हणाली, "जोमा. पोशा. जोमा माझ्या आयशीचा भाव." सातवा कोणालाच ठाऊक नव्हता. घाटावरून आलेला, त्याच्या जेमतेम चार दिवस आधी कामाला लागलेला कोणी. त्याच्यासाठी कचेरीत रडायलाही कोणी आलं नव्हतं.

शनिवारी भर दुपारी ती हरिहरला घेऊन बांधावर आली. तो दोन पावलं मागे चालत होता आणि तो मागे आहे हे लक्षात ठेवण्यासाठी तिने त्याच्या मनगटाला दोरी बांधून तिचं टोक हातात धरलं होतं. याचं तिला हसू आलं नाही, त्यालाही नाही.

ओहोटी. ऊन चिखलावरून डोळ्यांत येत होतं. तिने दगडावर वही उघडली, पेन्सिल बाजूला ठेवली आणि पर्समधून पेन काढलं.

चोविसाव्या ओळीत तिने लिहिलं, मोरू केणी. गै खोडलं. पुढे ह लिहिलं. मग मान वर करून, मोठ्या आवाजात वाचलं.

"मोरू केणी. हजर."

बगळे उडाले. सगळे एकदम, आवाज न करता.

"परशुराम. हजर."

खाली चिखलात फच्चकन आवाज झाला. रुतलेला पाय कोणी उपसून काढावा तसा. तिने खाली बघितलं नाही.

"गोविंदा. हजर."

पुन्हा तो आवाज. जरा जवळून.

शिवराम. जोमा. पोशा. प्रत्येक नावाला एक पाय चिखलातून निघत होता.

सातव्या ओळीपाशी ती थांबली. बांधाच्या उतारावर कोणीतरी थांबलं होतं. ऐकत होतं. तिला ते पाठीवर उन्हासारखं जाणवत होतं.

"तुझं नाव मला मिळालं नाही," ती म्हणाली. "खूप विचारलं. पण तू होतास." तिने ओळीत लिहिलं, घाटावरचा एक. "हजर."

बराच वेळ काही झालं नाही. मग चिखल हलला.

तिने हरिहरच्या ओळीवर पेन टेकवलं. गै खोडलं. तेवढ्यात दगडाच्या पलीकडून, अगदी समोरून, कोणीतरी बोललं. आवाज भीतिदायक नव्हता. कंटाळलेला होता, कचेरीतल्या खिडकीमागचा.

"नाव?"

समोर कोणी नव्हतं. वहीचं पान मात्र पलीकडून कोणी बोटाने दाबून धरावं तसं सपाट बसलं होतं, वारा असूनही.

भिवाकाकांनी बजावलं होतं, ओ द्यायची नाही. तिने ओ दिली नाही. तिने ह लिहिलं, आडवी रेघ मारली.

"हजेरी मी घेतेय," ती म्हणाली. "नाव तुम्ही सांगा."

तिने पेन कोऱ्या ओळीवर नेलं.

"सांगा ना. लिहायचंय मला. त्या दिवशी बांधावर कोण होतं, सगळ्यांचं लिहायचंय. तुमचंही."

पान सुटलं. फडफडलं. मागे हरिहर मोठ्याने, जुन्या आवाजात, रडत होता.

तिने वही मिटून पिशवीत घातली, कपारीतला डबा उचलला आणि बांध उतरली. घाई केली नाही. घाई केली असती तर ते पळणं झालं असतं.

नाक्यावर ठाण्याच्या खोपट डेपोला जाणारी एसटी उभी होती. दुपारची वेळ, गाडी जवळजवळ रिकामी. दोघं पुढच्या बाकावर बसले. गाडी सुटली, कंडक्टर पंच वाजवत आला. त्याने हरिहरच्या खांद्यावर बोट टेकवलं. "बोला साहेब, कुठे?" हरिहर त्या बोटाकडेच बघत होता.

"खोपट दोन," सरस्वती म्हणाली.

कंडक्टरने दोन तिकिटं फाडली आणि मान मागे वळवली. "आणि मागच्यांचं? तुमच्याबरोबरच चढले ना?"

सरस्वतीने मागे बघितलं. शेवटची लांब सीट रिकामी होती. उन्हाचे चौकोन तिच्यावरून सरकत होते.

"किती आहेत?" तिने विचारलं.

"आठ."

"सात असतील."

"आठ आहेत बाई, मला मोजता येतं. सात जण चिखलाने माखलेत, त्यांनी सीट पण खराब केली. आठवा कपड्यांनी बरा दिसतोय. तो बसत नाहीये. उभाच आहे, वही घेऊन."

सरस्वतीने पिशवी मांडीवर घट्ट धरली. "सातांचं द्या," ती म्हणाली. "ते माझे आहेत. आठवा आमच्यातला नाही. त्याला खाली उतरवा."

कंडक्टर तिच्याकडे बघत राहिला. मग मागे गेला, काहीतरी बोलला, आणि घंटेची दोरी एकदाच ओढली. गाडी मिठागराच्या कडेला, थांबा नसलेल्या जागी थांबली. दाराची पायरी करकरली. दोन घंटा झाल्या आणि गाडी निघाली.

ड्रायव्हरने गियर बदलला. गाडीने वेग घेतला. खिडकीशी बसलेला हरिहर बाहेर बघत होता आणि कितीतरी वेळ त्याने पापणी हलवली नव्हती.

"बाई," तो म्हणाला, "तो गाडीबरोबर चालतोय."

"चालू दे," सरस्वती म्हणाली. "खोपट लांब आहे."